पुढचा उतार गाडीला आधी कळायला हवा

महोदय,

इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीने अपेक्षेइतके मायलेज दिले नाही की खापर बॅटरीवर फुटते. डोंगराळ रस्त्यांवर तरी दुखणे बहुधा वेगळे असते: पुढे काय वाढून ठेवले आहे, हे गाडीला ठाऊकच नसते.

प्लग नसलेल्या, म्हणजे बाहेरून चार्ज न होणाऱ्या, हायब्रिडची बॅटरी साधारण एक-दीड युनिटची. ती टिकावी म्हणून ४० ते ८० टक्क्यांच्या आसपासच वापरली जाते. म्हणजे खेळायला जेमतेम अर्धे युनिट. दीड टनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा ०.४१ युनिट ऊर्जा मोकळी होते. उतारावर चाके मोटरला फिरवतात आणि ती वीज तयार करते; पाच टक्के उतारावर टायर, हवा आणि मोटर-इन्व्हर्टरमधली (बॅटरी आणि मोटर यांच्यात वीज बदलून देणाऱ्या यंत्रणेतली) घट वजा जाता त्यातले सुमारे ०.२ बॅटरीत पडते. माथ्यावर बॅटरी आधीच ७० टक्के असेल, तर साठ-सत्तर मीटर उंची उतरताच ती ८० टक्क्यांपर्यंत भरते. पुढची सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात किंवा इंजिन नुसते फिरवण्यात जाते.

पूर्वानुमान करणारी प्रणाली नकाशातून पुढच्या काही किलोमीटरचे चढ-उतार आणि वेग वाचते आणि बॅटरीतल्या विजेला इंधनाच्या ग्रॅममध्ये भाव लावते. पुढे मोठा उतार असेल तर तिथे वीज फुकट मिळणार, म्हणून भाव पडतो. चढावर मोटर जास्त भार उचलते आणि माथ्यावर बॅटरी ४५ टक्क्यांवर येते. पुढे रेंगाळती वाहतूक असेल तर भाव चढतो, आणि इंजिन चांगल्या भारावर असतानाच वीज साठवून घेते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात मात्र या सगळ्याचा फायदा नगण्य, हेही विक्रेत्यांनी सांगायला हरकत नाही.

अंदाज फसतोही. चालकाने वाट बदलली तर रिकामी बॅटरी घेऊन गाडी चढाला लागते आणि इंजिन ओरडू लागते. काही नकाशे बोगद्यातल्या रस्त्याला वरच्या डोंगराची उंची देऊन मोकळे होतात. शिवाय गार बॅटरी जोरात चार्ज होऊ शकत नाही: आठ टक्के उतारावर ताशी ६० च्या वेगाने चाकांकडून सुमारे १५ किलोवॉट येतात, ते तिला झेपतीलच असे नाही. म्हणून नियंत्रकाने राखीव साठा ठेवणे आणि गणित सतत नव्याने मांडणे आवश्यक आहे.

गाडीत ही सोय असेल तर रोजच्या रस्त्यावरही नेव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकावे. बऱ्याच प्रणालींना त्याशिवाय पुढचा मार्ग कळत नाही. ज्या गाड्यांत गिअरच्या दांड्यावरचे ‘बी’ म्हणजे इंजिन ब्रेकिंग (इंजिन नुसते फिरवून वेग रोखणे), त्यांत बॅटरीला जागा असताना उगाच ‘बी’ लावू नये. बॅटरी भरली, किंवा उतार लांब आणि तीव्र असला, की जरूर लावावे. तिथे ब्रेक गार राहणे मायलेजपेक्षा महत्त्वाचे. प्लग-इन गाडीत सुरुवातीलाच सगळी वीज संपवण्यापेक्षा महामार्गावर इंजिन चालवून ती शहरातल्या टप्प्यासाठी राखणे बहुधा परवडते.

आपल्या वाहन-परीक्षणांत मायलेजच्या आकड्याशेजारी सुरुवातीचा आणि शेवटचा बॅटरी चार्जही छापावा, ही विनंती. अर्धे युनिट वीज इंजिनाने तयार करायची तर दोनशे मिलिलीटरच्या आसपास पेट्रोल लागते. वीस किलोमीटरच्या चाचणीत, लिटरला वीसच्या हिशेबाने, एवढ्यानेच निकाल एक-पंचमांशाने इकडचा तिकडे होतो.

आपला,
एक वाहन अभियंता