लहानांच्या वर्गात बसवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,
प्रभूमध्ये सलाम.

आपल्या चर्चच्या कमिटीतून माझं नाव गेलं, तेव्हा धुमसतच मी तुमच्याकडे आलो होतो. इतकी वर्षं बायबल शिकवतोय आणि माझी ही किंमत? तुम्ही समजूत काढली नाहीत. "रविवारी लहानांच्या वर्गात या. शिकवायला नाही, बसायला," एवढंच म्हणालात.

तेव्हा तो मला अपमान वाटला होता, आज कबूल करतो. तरी आलो. प्रार्थना संपल्यावर चारेक वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि नाडी सुटलेला बूट त्याने पुढे केला. ना ओळख, ना संकोच. नाडी बांधून होताच पळाला. मी बराच वेळ तसाच गुडघ्यावर बसून होतो.

मग तुम्ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय काढलात. स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, असं शिष्य विचारतात. कफर्णहूमच्या वाटेवर त्यांचा हाच वाद चालला होता, हे मार्कचं शुभवर्तमान सांगतं. येशू एका बालकाला मध्ये उभं करतो आणि म्हणतो, बालकांसारखे झाला नाहीत तर प्रवेशच नाही. "ते खुर्चीचं विचारतायत, प्रभू दाराचं बोलतोय," हे तुमचं वाक्य काळजात रुतलं. तिथे 'परिवर्तन' म्हणून आपण वाचतो, त्या ग्रीक क्रियापदाचा साधा अर्थ वळणं. माझं वळणं बाप्तिस्म्याच्या दिवशीच आटोपलं, असं मी धरून चाललो होतो.

बालक म्हणजे निरागस, असं मी आजवर शिकवत आलो. तुम्ही लूकचा 18 वा अध्याय वाचायला लावलात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा, उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाचा, हिशेब देवाला ऐकवतो; लोक ज्याला पापी समजत तो जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. लगेच पुढच्या ओळीत लोक येशूकडे तान्ही बाळं घेऊन येतात. तान्ह्या बाळाच्या गाठीशी कसलं आलंय पुण्य? त्याला कुणीतरी आणतं, कुणीतरी उचलून घेतं. मला हेच जमत नव्हतं, बाई. देवाकडे जातानाही मी यादी घेऊनच जात होतो.

कमिटीत माझ्या जागी जे आले, त्यांच्याविषयी मी मागे बरंच बोललो होतो. परवा त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दार उघडलं आणि एक शब्द आठवेना. नुसते हात पुढे केले. त्यांनी ते धरले.

येत्या रविवारीही येतोय, बसायला.

प्रभूमध्ये तुमचा,
एक विद्यार्थी