गव्हाच्या पिकाचे वाचन आणि उत्पादनाचा अंदाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठीच्या महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी पाचशे कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. तेव्हापासून शेतीतल्या नव्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुतांशी ऊस, उपग्रह आणि ड्रोन यांच्याभोवतीच चालली आहे. उसाबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु नाशिक, अहिल्यानगर, जळगाव या पट्ट्यात रब्बीत घरटी पेरल्या जाणाऱ्या गव्हाकडे या चर्चेत कोणी पाहत नाही, आणि ज्या पिकासाठी हातात धरून चालवायचे एक साधे, अनेक वर्षे पारखलेले उपकरण उपलब्ध आहे ते पीक नेमके गहूच आहे. पर्णसंभाराची हिरवाई मोजणाऱ्या या सेन्सरचा आपल्याकडे योग्य वापर व्हावा, आणि तो चुकीच्या कामासाठी जुंपला जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उपकरणाचे काम समजायला अवघड नाही. ते स्वतःचा तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पिकावर सोडते आणि परत आलेला प्रकाश मोजते. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते; उघडी माती असा भेद फारसा करत नाही. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की जो आकडा मिळतो त्याला शास्त्रज्ञ एनडीव्हीआय म्हणतात. विरळ पिकात तो खाली राहतो, तर दाट, गर्द गव्हात ०.८ च्या पुढे जातो. प्रकाश उपकरणाचा स्वतःचा असल्यामुळे ढगाळ दिवशीही वाचन घेता येते, ही सोय उपग्रहाला नाही. पिकाच्या शेंड्यांपासून दोन ते चार फुटांवर ते धरायचे, खटका दाबून ओळीने सावकाश चालत जायचे आणि खटका सोडला की त्या चालीची सरासरी पडद्यावर वाचायची, एवढीच कृती आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात विल्यम रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या नत्रव्यवस्थापनासाठी हे तंत्र उभे केले आणि ते 'ग्रीनसीकर' या नावाने बाजारात आले. आपल्या देशात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ओलिताच्या गव्हावर त्याच्या रीतसर चाचण्या घेतल्या आहेत.

उत्पादनाच्या अंदाजाची मूळ कल्पनाही ओक्लाहोमाचीच. वाचनाचा आकडा पेरणीपासून झालेल्या दिवसांनी भागायचा. त्यातही ज्या दिवशी पीक वाढू शकेल इतकी ऊब होती तेच दिवस धरायचे. म्हणजे पिकाने दिवसाला किती वाढ साधली याचे माप हाती येते. हे माप आणि मागील अनेक हंगामांतील प्रत्यक्ष उतारा यांचा संबंध एकदा बसवला की चालू पिकाचा संभाव्य उतारा आधीच सांगता येतो. पेरणी पुढेमागे झालेल्या दोन शेतांची तुलना त्यामुळे न्याय्य होते. आपल्याकडे तर याला फार महत्त्व आहे, कारण १५ नोव्हेंबरनंतर पेरणी जसजशी लांबते तसतसे दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे आपले कृषी विद्यापीठच सांगत आले आहे, आणि खरिपाचे शेत मोकळे व्हायला उशीर झाला की अनेकांची पेरणी डिसेंबरात जाते.

आता नत्राविषयी, कारण शेतकऱ्याच्या खिशाशी या उपकरणाचा थेट संबंध तिथे येतो. शेताच्या एका पट्ट्यात पेरणीवेळीच नत्र मुबलक द्यायचे, म्हणजे तिथल्या पिकाला नत्राची उणीव कधीच भासणार नाही, आणि पुढे याच पट्ट्याशी बाकीच्या शेताची तुलना करायची. समजा, कांडी धरण्याच्या, म्हणजे खोड वर वाढू लागण्याच्या, सुमारास या पट्ट्यात वाचन ०.७१ आले आणि शेजारच्या नेहमीच्या पिकात ०.५८ आले. भागाकार सुमारे १.२२ येतो, पीक नत्राला भुकेले आहे आणि दिलेल्या वरखताचे चीज होईल, असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे ०.७० च्या आसपास आकडा आला तर जमिनीनेच पुरेसे नत्र पुरवले आहे, आणखी युरिया टाकला तर पीक माजेल, लोळेल आणि पैसा पाटाच्या पाण्यातून वाहून जाईल. दोन्हीकडे ०.४५ आला तर दुखणे नत्राचे नाहीच; पाणी, जस्ताची कमतरता, मूळकूज किंवा उशिराची पेरणी यांत कारण शोधायला हवे. माझ्या मते या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण हा तिसरा निष्कर्ष देण्याची क्षमता आहे, कारण पीक पिवळे दिसले की युरिया फेकायचा ही सवय आपल्या हाडीमासी खिळली आहे.

मात्र इथेच आपल्या शिफारशीची एक अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र सांगितले जाते. अर्धे पेरणीवेळी आणि अर्धे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना पहिल्या पाण्यासोबत. हा दुसरा हप्ता म्हणजे सुमारे १३० किलो युरिया, पंचेचाळीस किलोच्या जवळपास तीन गोण्या. पण एकविसाव्या दिवशी पीक एवढे लहान असते की सेन्सरला पानांपेक्षा मातीच जास्त दिसते आणि त्या वाचनावरून काहीच ठरवता येत नाही. वाचन खऱ्या अर्थाने बोलू लागते ते चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, आणि तोवर आपला शेतकरी सगळे नत्र देऊन मोकळा झालेला असतो. अशा वेळी आकडा कितीही अचूक असला तरी त्यावरून कृती काय करणार? पंजाबच्या चाचण्यांत याचा विचार झाला होता. तिथे पेरणीवेळी मध्यम आणि मुकुटमुळांच्या वेळी पुरेसे नत्र देऊन उरलेला हप्ता पुढच्या पाण्यापर्यंत राखून ठेवला आणि तो सेन्सरच्या वाचनानुसार दिला. आपल्याकडचा गहू लवकर पक्व होतो, हिवाळा आखूड असतो, म्हणून कोणत्या वाचनाला किती नत्र द्यायचे हे सांगणारे पंजाबचे कोष्टक जसेच्या तसे इथे लागू करणे चुकीचे ठरेल. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी फुले समाधान, त्र्यंबक, एमएसीएस ६२२२ अशा आपल्या शेतांत प्रत्यक्ष असलेल्या वाणांवर, काळ्या आणि मध्यम जमिनीत, वेळेवर आणि उशिरा पेरून हे कोष्टक नव्याने तयार करावे आणि मराठीत सर्वांसाठी खुले करावे. त्याशिवाय यंत्रे वाटणे म्हणजे खुणा नसलेली मोजपट्टी हातात देणे होय.

उत्पादनाच्या अंदाजाकडे वळताना मला अधिक सावधगिरीने लिहावे लागते, कारण आता त्या अंदाजाला पैशाचे वजन आले आहे. राज्याच्या सुधारित पीक विमा योजनेत भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे निवडक शेतांतील ठरावीक तुकडा कापून, मळून आणि तोलून, निघणाऱ्या उत्पन्नावर ठरते, आणि केंद्राने २०२३ पासून भात व गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानाधारित अंदाजाला तीस टक्के भारांक देण्याची व्यवस्था आणली आहे. एका महसूल मंडळातील दहा-बारा प्रयोगांवर शेकडो शेतकऱ्यांची भरपाई अवलंबून असते, त्यामुळे पर्यायी मोजमापाची ओढ सर्वांनाच वाटणे स्वाभाविक आहे. तरीही सेन्सर काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

तो पाने पाहतो. दाणा पाहत नाही. गव्हाचे उत्पादन चौरस मीटरमधील ओंब्या, ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन या तिन्हींच्या गुणाकाराने ठरते. फुटवे किती टिकले याचा सुगावा कांडी धरताना घेतलेल्या वाचनातून चांगला लागतो, पण दाण्याचे वजन फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ठरते. २०२२ सालचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. त्या फेब्रुवारीत केंद्राचा दुसरा आगाऊ अंदाज देशात १,११३ लाख टन गहू होईल असा होता. पीक खरोखरच जोमदार होते. मार्चमध्ये दाण्यात चीक भरत असताना उष्णतेची लाट आली, दाणे आक्रसले, १३ मे रोजी निर्यात थांबवावी लागली आणि त्याच महिन्यातील तिसऱ्या अंदाजात आकडा १,०६४ लाख टनांवर आला. त्या वर्षी जानेवारीत कोणी शेतोशेती सेन्सर फिरवला असता तर त्यानेही भरघोस पिकाचाच निर्वाळा दिला असता, आणि जानेवारीपुरता तो खराही ठरला असता. म्हणून अशा अंदाजाला पुढच्या तापमानाची जोड देणे आणि ओंबी आल्यावर पुन्हा वाचन घेणे आवश्यक आहे. फुलोऱ्यानंतर हिरवाई किती दिवस टिकते आणि किती झपाट्याने ओसरते, हे दाण्याच्या वजनाबद्दल बरेच सांगून जाते. गारपिटीने पीक आडवे झाले तर मात्र पाने काही दिवस हिरवीच राहतात आणि आकडा फसवा निघतो.

आणखी एक मर्यादा चांगल्या शेतांची. पीक खूप दाटले की तांबडा प्रकाश जवळपास पूर्ण शोषला जातो आणि त्यापुढे पानांचा थर वाढला तरी आकडा हलत नाही. त्यामुळे हेक्टरी चाळीस क्विंटलचे शेत आणि पन्नास क्विंटलचे शेत उपकरणाला जवळपास सारखेच दिसू शकतात. उलट चंदनबटवा माजलेले विरळ शेत त्याला छान हिरवे दिसते, कारण तण आणि गहू यांतला फरक त्याला कळत नाही. तणाचे भान ठेवून वाचन घेणारा माणूस शेतात असावा लागतो.

याहून मूलभूत मुद्दा वाचनाच्या जागेचा आहे आणि तो आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी मांडला होता. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी दाखवून दिले की पीक कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादनाचा अंदाज सातत्याने फुगतो. कारण कडेवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न पडला की हात आपोआप ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी. सेन्सर एका वेळी जेमतेम दहा ते वीस इंच रुंदीची पट्टी पाहतो. तो धरणारा बांधाकडून चार पावले आत जाऊन बरे दिसेल तिथे खटका दाबू लागला, तर सुखात्म्यांनी दाखवलेला दोष नव्या रूपात परत येईल. आणि विम्याच्या बाबतीत फुगलेला अंदाज म्हणजे शेतकऱ्याची बुडालेली भरपाई. चालण्याची वाट, सुरुवातीचा कोपरा आणि पावलांची संख्या आधी चिठ्ठी टाकून ठरलेली असावी, आणि वाचन शेतकऱ्यासमक्ष घेऊन त्याचा आकडा तिथेच त्याला लिहून द्यावा, ही अट म्हणून घातली पाहिजे.

माझे म्हणणे असे की सेन्सरने कापणी प्रयोगाची जागा घेऊ नये. त्याने कापणी प्रयोगाला वाट दाखवावी. मंडळातील बऱ्याच शेतांत वाचने घेतली की कमकुवत, मध्यम आणि जोमदार पीक कोणत्या प्रमाणात आहे हे कळते, आणि मोजके प्रयोग त्या प्रमाणात वाटून घेता येतात. प्रयोगाचा निकाल एखाद्या ठिकाणी वाचनाशी अगदीच विसंगत आला तर तिथे फेरतपासणी करता येते, आणि ही तपासणी मागण्याचा हक्क विमा कंपनीइतकाच शेतकऱ्यालाही असावा. निव्वळ वाचनाच्या आधारे कोणाचाही दावा नाकारला जाऊ नये.

उपकरणाची किंमत दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही आणि प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरजही नाही, कारण एका शेताला त्याची गरज हंगामात दोन-तीनदाच पडते. कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गावपातळीवरील कृषी कर्मचारी यांच्याकडे ते असावे. त्यासोबत एक दिवसाचे प्रात्यक्षिक शेतातच, उभ्या पिकात व्हावे. सभागृहातील सादरीकरणाने हे शिकता येत नाही. ज्या गावांत यंत्र पोहोचणार नाही तिथे पानाचा रंग ताडून पाहण्याचा तक्ता बराचसा तोच उद्देश अल्प खर्चात साधतो, आणि त्याच्या वाटपाला कोणत्याही नव्या धोरणाची गरज नाही. राज्याची गव्हाची सरासरी हेक्टरी वीस क्विंटलच्या आसपास घुटमळते आहे आणि देशाची त्याहून बरीच वर आहे. हे अंतर उपकरणाने भरून निघणार नाही, कारण त्यात पाणी आणि हवामान यांचा वाटा मोठा आहे. पण दिलेल्या प्रत्येक गोणीचे काय झाले हे तरी कळू लागेल.

कृषी आयुक्तालयाला माझी विनंती वेळेबाबत आहे. मुबलक नत्राचा पट्टा पेरणीलाच आखावा लागतो. तो आखला नाही तर डिसेंबरातल्या वाचनाला तुलनेसाठी काहीच उरत नाही. म्हणून निवडक तालुक्यांतील गावे, वाण आणि वाचनाची पद्धत ऑक्टोबर संपण्याआधी ठरवून जाहीर करावी, आणि हंगामाअखेर प्रत्येक शेताचे वाचन व प्रत्यक्ष उतारा शेजारी-शेजारी मांडून, शेतकऱ्यांची नावे वगळून, सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा.

आपला,
एक गहू उत्पादक व निवृत्त कृषी अधिकारी
निफाड तालुका, जि. नाशिक