सहा, दहा, दोन, सहा, दहा

प्रिय आई, प्रिय बाबा,

बाबांच्या केमोची मुंबईची सोमवारची तारीख मी रद्द केली. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर आई 'शेवटचं एकदा जाऊन येऊया' म्हणाली असती आणि तिच्यासाठी बाबा पुन्हा गाडीत बसले असते. गेल्या खेपेला पत्रादेवीच्या नाक्यावर बाबा 'आता पुरे' म्हणाले, ते मी विसरलेले नाही.

डॉक्टरांशी दोनदा सविस्तर बोलले. पुढच्या केमोने गाठ आकसण्याची आशा फार थोडी, अंगातली ताकद मात्र नक्की जाणार. म्हणून आता पॅलिएटिव्ह केअर: दुखणं, धाप, मळमळ, झोप यांवर इलाज, तोही घरीच. आई, 'सोडून दिलं' असं मनात आणू नकोस गं. लोटलीच्या शांती अवेदनाचं, कॅन्सरच्या माणसांना शेवटी सांभाळणाऱ्या त्या सदनाचं, नाव निघालं की तू गप्प होतेस, म्हणून सांगते, तिथे आत्ता न्यायचं नाही. घरी कळ आवरेनाशी झाली तरच, तेही बाबांना विचारून.

मॉर्फिन म्हटल्यावर तुला वाडीवरचे काका आठवले असणार. वेदनेसाठी मापात घेतलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही, आणि अशा दुखण्यात व्यसनही क्वचितच लागतं. एका गोळीचा असर चारेक तास टिकतो. दुखायला लागायची वाट बघितलीस तर गोळी लागू पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास बाबा कळवळत राहतील, म्हणून घड्याळ बघूनच द्यायची. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा: 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी. रात्री दहाला अख्खी, म्हणजे दोन वाजता कुणाला उठायला नको. मध्येच कळ आली तर आणखी अर्धी, आणि वेळ वहीत लिही. अशा जादा गोळ्या दिवसात तीनच्या वर गेल्या तर नर्सबाईंना फोन कर. डोस तू वाढवू नकोस, आणि एकदम बंदही करू नकोस.

पहिले दोन-तीन दिवस बाबा पेंगतील, मळमळेल. ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचकाची गोळी पहिल्या रात्रीपासूनच. तुझं इसबगोल आता नको. बाबा पाणी कमी पितात, त्यात ते आतड्यात घट्ट बसून त्रास वाढतो. हाक मारूनही जागे होईनात, श्वास फार संथ झाला किंवा हातपाय झटके देऊ लागले, तर पुढची गोळी थांबव आणि लगेच फोन कर.

गोळी कडू आहे, बाबा. मला ताप आला की तुम्ही औषधावर माडाच्या गुळाचा खडा हातावर ठेवायचात आणि 'जिभेखाली धर, चावू नको' म्हणायचात. तुमच्या उशाशी तशीच गुळाची डबी ठेवायला आईला सांगितलंय.

एअर बेड गुरुवारी येईल. पावसात वीज गेली की त्याची हवा उतरते, म्हणून इन्व्हर्टरची तार त्याच खोलीत आणायला दादाला सांगितलंय. तरीही दर दोन तासांनी कूस बदलायचीच. माकडहाड, टाचा, घोटे रोज उजेडात बघ. लाल झालेल्या जागी तेल चोळू नकोस, आतली कातडी आणखी फाटते. धाप लागली तर टेबलफॅन तोंडासमोर लाव. गालावर वारा लागला की जीव हलका होतो.

आणि पेज. दोन चमचे गेली तर दोनच. भूक मरते ती आजारानेच, तुझ्या हातात काही कमी नाही. बळेबळे भरवलंस तर ठसका लागून पेज श्वासनळीत जाईल. डोकं उंच करून, बाबा पूर्ण जागे असतानाच दे. नको म्हणाले तर ओल्या कापसाने ओठ तेवढे भिजव.

मी शनिवारी रात्रीच्या बसने निघते. बाबा, चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी दादा बांधेल, तीत कांगलांची फळं कुठे लटकवायची ते तुम्ही खाटेवरूनच सांगा. आई, दुपारी एक तास तरी नीज. त्या तासाला शेजारच्या वहिनी येऊन बसतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

तुमची,
बाय