फॉर्मिक ॲसिड झाले, पण किती युनिटांत?

महोदय,

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन किंवा रसायन बनवल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. माल किती निघाला आणि वीज किती जळली, हे आकडे मात्र त्यांत सहसा नसतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराचा चीक गोठवायला फॉर्मिक ॲसिड वापरतात, त्यामुळे विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्याकडच्या मुलांना कार्बन डायऑक्साइडपासून विजेने ते बनवण्याचा विषय सुचणे साहजिक आहे.

कृती तशी सोपी. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ५० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट विरघळवून सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड अर्धा तास सोडावा. पीएच सव्वासातच्या आसपास उतरतो. ऋणाग्र (विजेचे उणे टोक) कथिलाच्या पत्र्याचा, धनाग्र (अधिक टोक) प्लॅटिनमचा. व्होल्ट मोजण्यासाठी संदर्भ म्हणून लावलेल्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत ऋणाग्र उणे १.७ ते १.८ व्होल्टवर ठेवावा. दोन्ही अग्रांच्या कप्प्यांमध्ये आयन-पडदा हवाच, नाहीतर तयार झालेले फॉर्मेट (फॉर्मिक ॲसिडचे क्षाररूप) धनाग्रावर जाऊन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होते.

घोटाळा बहुधा पाण्यात असतो. जांभ्यातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते. त्याचा अगदी सूक्ष्म थर कथिलावर बसला तरी वीज हायड्रोजन सोडण्यात जाते. बाटलीवर ‘शुद्ध’ छापलेल्या बायकार्बोनेटातही धातूंचा अंश असतो. टाकाऊ पत्रा लावून रात्रभर अगदी कमी प्रवाह सोडला की तो त्या पत्र्यावर उतरतो. प्रवाह वाढवून उत्पादन वाढेल ही आशाही फोल, कारण २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो.

१० चौरस सेंटिमीटर पत्रा, १०० मिलिॲम्पिअर, एक तास, ७० टक्के कार्यक्षमता (म्हणजे तेवढा प्रवाह फॉर्मेटच्या कामी): हाती येते, ॲसिडच्या हिशेबाने, साधारण ६० मिलिग्रॅम. तेही ॲसिड नव्हे, पोटॅशियम फॉर्मेट, भरपूर पाण्यात. ॲसिड मोकळे करून ऊर्ध्वपातन केले, तरी ॲसिड ७७ टक्क्यांच्या आसपास पोचले की पाणी आणि ॲसिड १०७ अंशांना एकत्रच उकळतात, पुढे वेगळे होत नाहीत.

आता विजेचे. ३ व्होल्ट आणि ७० टक्के धरले तर किलोभर ॲसिडला ५ युनिट. कोळशाच्या विजेवर युनिटमागे सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेचार किलो. जिरला किती? एक किलोसुद्धा नाही. ‘हवा स्वच्छ करणारा प्रकल्प’ म्हणणाऱ्यांनी वीज कुठली ते आधी सांगावे. तसे पाहता कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय माल आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. अलिबागजवळ थळला अमोनियाबरोबर निघणारा हा वायू युरियात जातो, तो मात्र उष्णतेने आणि दाबाने.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ऋणाग्रावरचे बुडबुडे पाहून गुण देऊ नयेत, ते हायड्रोजनचेही असतात. परमँगनेटचा रंग उडाला म्हणजे फॉर्मेट झालेच, यावरही विसंबू नये, भांडी धुताना राहिलेले अल्कोहोलही तो उडवते. त्याच भांड्यात, तितकाच वेळ, कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडून केलेल्या प्रयोगाची वही मागावी आणि तीत बायकार्बोनेटऐवजी पोटॅशियम सल्फेट वापरले होते का तेही पाहावे, कारण बायकार्बोनेटातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो.

— रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, सिंधुदुर्ग