डोळे पिवळे नाहीत म्हणून हेपेटायटिस बी नाही, असे नव्हे

माननीय संपादक,

पावसाळ्यात गोव्यात काविळीचे रुग्ण वाढले की सगळ्यांचे लक्ष विहिरीकडे आणि नळाच्या पाण्याकडे जाते. ए आणि ई प्रकारच्या काविळीपुरते ते बरोबरच आहे. हेपेटायटिस बी मात्र पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. अशा रुग्णाचे नुसते डोळे पाहून ‘कावीळ नाही’ म्हणत त्याला घरी पाठवणे घातक आहे.

रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य दर डेसिलिटरला साधारण २ ते ३ मिलिग्रॅमवर गेल्याशिवाय डोळ्यांत पिवळेपणा दिसतच नाही. तोही दिवसाच्या उजेडात पाहावा लागतो. पिवळसर दिव्याखाली हमखास निसटतो. उन्हात राबणाऱ्या रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) आणि शेतकऱ्यांच्या डोळ्यांचा उघडा पांढरा भाग अनेकदा मुळातच मळकट असतो. म्हणून रुग्णाला खाली बघायला सांगून वरची पापणी उचलावी, जिभेखालीही पाहावे.

नव्याने झालेल्या आजारात यकृत उजव्या बरगडीखाली किंचित वाढलेले, मऊ आणि दुखरे लागते. काहींना कावीळ दिसण्याआधीच सांधेदुखी आणि अंगावर पुरळ येते. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या दिवसांत इथे हमखास फसगत होते. सगळ्यात वाईट खूण म्हणजे कावीळ वाढत असताना यकृत लहान होत जाणे. सूज उतरली म्हणून घरचे सुस्कारा सोडतात, पण प्रत्यक्षात यकृताच्या पेशी झपाट्याने मरत असतात. अशा वेळी रुग्णाला दोन्ही हात पुढे करून, मनगटे मागे वळवून, बोटे फाकवून अर्धा मिनिट धरायला सांगावे. पंजे मधूनच गळून पुन्हा सावरत असतील, किंवा रुग्ण भलत्या वेळी झोपत, असंबद्ध बोलत असेल, तर तासाभराचाही उशीर न करता बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवावे.

जुनाट आजाराची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे विषाणू अंगात असूनही तपासणीत काहीच सापडत नाही, आणि बहुतेक रुग्ण असेच असतात. यकृत आक्रसू लागल्यावर छातीवर, खांद्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. मधला ठिपका दाबला की जाळे फिके पडते, सोडला की मध्यापासून बाहेरच्या दिशेने पुन्हा भरते. सावळ्या त्वचेवर हे ओळखणे कठीण, त्यामुळे सदरा काढून नीट उजेडात पाहायलाच हवे. तळहातांच्या कडा लाल होतात, दंड बारीक होतात, पुरुषांची छाती वाढते.

पोट तपासताना हात थेट बरगडीखाली ठेवण्याची घाई नडते. अवयव खूप वाढलेला असेल तर हात त्याच्यावरच टेकतो आणि कड सापडत नाही. यकृत आणि प्लीहा (पाणथरी), दोन्हींसाठी सुरुवात उजव्या ओटीपोटापासून करावी, प्रत्येक श्वासागणिक हात थोडा वर न्यावा. प्लीहेसाठी तिरके डाव्या बरगडीकडे जावे. यकृत आक्रसून हाताला लागेनासे होते, तेव्हा वाढलेली प्लीहा हीच एकमेव खूण असू शकते. पोटातले पाणी कूस बदलून, टिचकी मारून कळायला साधारण दीड लिटर साचावे लागते. सोनोग्राफीत ते कितीतरी आधी दिसते.

म्हणूनच हाताने तपासणी कितीही चोख केली, तरी या विषाणूचे प्रथिन रक्तात शोधणाऱ्या एचबीएसएजी चाचणीला पर्याय नाही. प्रत्येक प्रौढाने ती एकदा तरी करावी, प्रत्येक गरोदर बाईची झालीच पाहिजे, आणि घरात एक रुग्ण सापडला तर सगळ्यांचीच. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही चाचणी आणि औषधे मोफत आहेत. चाचणी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह आली तर आजार जुनाट समजावा.

आरोग्य खात्याला एकच विनंती: प्रत्येक आरोग्य केंद्रात तपासणीची खाट खिडकीशेजारी ठेवा आणि तिला पडदा लावा. आडोसा नसला की बायका पोट दाखवायला तयार होत नाहीत, आणि तपासणी डोळ्यांवरच थांबते.

– एक डॉक्टर, डिचोली