फोन निवडण्याआधी: एका मित्रास पत्र

पुणे,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नवा फोन घेताना आयफोनकडे वळायचे तू जवळजवळ ठरवलेच आहेस. अँड्रॉइडचा मोकळेपणा आता नावापुरता उरला आहे, मग बंदिस्त पण नीटनेटकी आणि सुरक्षित व्यवस्था सरळ पत्करलेली काय वाईट, असे तू विचारतोस. यातले पहिले विधान मला बरेचसे मान्य आहे. त्यावरून तू काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अँड्रॉइडचा गाभा आजही मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो. त्याच्या तळाशी असलेले, यंत्राशी थेट बोलणारे लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली आणि वरचा बहुतेक भाग अपाचे परवान्याखाली कोणालाही घेता येतो. परंतु दुकानातून आणलेल्या फोनवर आपण प्रत्यक्ष ज्यावर विसंबतो, ते प्ले स्टोअर, नकाशे आणि पाठीमागे राहून नोटिफिकेशन पोहोचवणारी प्ले सर्व्हिसेस हे सारे गूगलचे खासगी सॉफ्टवेअर आहे, आणि ते मिळवायचे तर फोन बनवणाऱ्या कंपनीला गूगलशी करार करावा लागतो. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची इतर ॲपही आधीपासून बसवून द्यायची आणि अँड्रॉइडची फेरफार केलेली आवृत्ती आपल्या दुसऱ्या कोणत्याही फोनवर विकायची नाही, अशा अटी त्यांत होत्या. याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द केले. त्यात भर म्हणजे यंदापासून अँड्रॉइडचे सगळे काम गूगलच्या घरातच चालते आणि बाहेरच्यांना कोड दिसतो तो नवी आवृत्ती तयार झाल्यावर. तेव्हा तुझी तक्रार निराधार मुळीच नाही.

तरीही एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते निवड त्यावरच व्हायला हवी. कंपनीने एखाद्या ॲपला नकार दिला, तर फोन ज्याने विकत घेतला त्याच्यापुढे दुसरी वाट उरते का?

ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये आंदोलने चालू असताना ॲपलने ‘एचकेमॅप डॉट लाइव्ह’ हे पोलिसांच्या हालचाली नकाशावर दाखवणारे ॲप आपल्या ॲप स्टोअरमधून काढून टाकले. त्याचे संकेतस्थळ चालू राहिले, पण आयफोनवर ते ॲप नव्याने घेण्याचा मार्ग सामान्य माणसासाठी बंद झाला. गूगलही दरवाजा अडवू शकते, हे आपण १ मार्च २०२४ रोजी पाहिले. शुल्काच्या वादावरून नोकरी, नाइन्टीनाइन एकर्स, शादी अशी परिचित भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून हटवली गेली आणि सरकारने लक्ष घातल्यावर परत आली. दोन्ही मालक सारखेच बलाढ्य आहेत. फरक असा की अँड्रॉइडवर तेच ॲप ते बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून किंवा फोनपेच्या इंडस ॲपस्टोअरसारख्या दुसऱ्या दुकानातून घेता येते. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट आल्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला पर्यायी दुकानांना जागा द्यावी लागली. आपल्याकडे तशी सोय अजून नाही. स्वतः लिहिलेले ॲपसुद्धा आयफोनवर फुकट खात्याने बसवले तर सात दिवसांत बंद पडते आणि पुन्हा बसवावे लागते, नाहीतर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूबाबत हे मला अपमानास्पद वाटते.

एफ-ड्रॉइड हे मुक्तस्रोत ॲपचे दुकान २०१० पासून चालू आहे. तिथे खाते उघडावे लागत नाही. स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या केरळमधल्या स्वयंसेवी गटाने केलेला ‘इंडिक कीबोर्ड’ त्यावर मिळतो, आणि मल्याळमबरोबर मराठीही त्यात आहे. आपल्या भाषेची अशी कामे बाजाराच्या हिशेबाने होत नाहीत. कोणाला तरी ती मनापासून करावीशी वाटतात आणि परवानगी न मागता इतरांपर्यंत पोहोचवता येतात, म्हणून होतात.

माझ्या जुन्या फोनला कंपनीचे अपडेट बंद झाले, तेव्हा मी त्यावर लिनिएज ओएस, म्हणजे अँड्रॉइडच्या मुक्त कोडवरून स्वयंसेवकांनी बनवलेली आवृत्ती, बसवले. त्यासाठी फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारा बूटलोडर उघडावा लागतो. ती आज्ञा दिली की आधी एक इशारा येतो, होकार दिला की फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी फोन सुरू होताना ‘या फोनचे कुलूप उघडे आहे’ अशा अर्थाची सूचना काही सेकंद झळकते. एवढे झाल्यावर दुकानदाराने मोडीत काढायला सांगितलेल्या त्या फोनला पुन्हा दरमहा सुरक्षा अपडेट मिळू लागले. किंमतही मोजावी लागली. माझ्या बँकेचे ॲप त्यावर उघडत नाही, कारण फोन प्रमाणित आहे की नाही हे ते गूगलकडून तपासून घेते. त्यामुळे बँकेसाठी मी निराळा फोन ठेवला आहे. हा त्रास खरा आहे, आणि तो तुला सोसवेल का याचा विचार तूच कर.

सुरक्षिततेचा तुझा मुद्दा मी हलका मानत नाही. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी, फाइल पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या आपण दोघांनी वाचल्या आहेत. काकूंच्या फोनवर बाहेरून ॲप बसवण्याची परवानगी बंदच ठेव. किंबहुना त्यांच्यासाठी तू आयफोन घेतलास तरी मी हरकत घेणार नाही. पण काकूंना लागणारे कुलूप तुझ्याही फोनला लागावे आणि त्याची किल्ली कंपनीकडे राहावी, हे मला रास्त वाटत नाही.

अँड्रॉइड न सोडण्याचे आणखी एक कारण आहे. गूगलने ऑगस्टमध्ये जाहीर केले की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत, आणि पुढे इतरत्र, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख पटवलेल्या विकसकांचीच ॲप बसतील, मग ती कुठूनही आणलेली असोत. असे झाले तर आपले काम चालूच राहू शकणार नाही, असे एफ-ड्रॉइडने स्पष्ट सांगितले. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकारांसाठी धोक्याची सूचना देऊन, ओळख न पटवलेल्यांची ॲप बसवण्याची वाट मोकळी ठेवण्याचे मान्य केले आहे. ती माघार वापरणाऱ्यांनी आवाज उठवल्यामुळे झाली, आणि ही वाट रोज वापरणारेच त्यासाठी भांडतात. आता कशाला, असे म्हणून तुझ्यासारखी जाणती माणसे निघून गेली, तर पुढच्या वेळी बोलणार कोण?

म्हणून माझे सांगणे इतकेच की कॅमेरा आणि बॅटरी पाहण्याआधी बूटलोडर उघडू देणारा फोन शोध. काही कंपन्या ती सोय देतच नाहीत आणि काही ती मागाहून काढून घेतात, तेव्हा दुकानातल्या मुलाच्या शब्दावर जाऊ नकोस. लिनिएज ज्यांवर चालते त्या फोनांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, तिच्यात नेमके मॉडेल आहे का ते पाहा. तुझ्या मनातली दोन-तीन नावे मला कळव, मी ती तपासून या आठवड्यातच उत्तर लिहितो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश