कुजण्यासाठीच घडवलेले लाकूड

संपादक महोदय,

'जुन्या लाकडी वस्तू वाचवा' हे आपल्या रविवार पुरवणीतले आवाहन वाचले. चाळीस वर्षे रंधा-पटाशी चालवलेला सुतार आहे, तेव्हा वाचवायला माझा विरोध असायचे कारण नाही. पण आधी वस्तू ओळखायला हवी ना!

मध्यंतरी एका संग्रहालयात काचेमागे एक रंधा पाहिला. पाटीवर लाकडाची जात, लांबी, शतक. मागच्या मुठीवर अंगठ्याने पडलेला खड्डा मात्र उजव्या अंगाला होता. म्हणजे मालक डावखुरा. पाटी लिहिणाऱ्याला तो खड्डा दिसलाच नसावा.

इंग्लंडच्या राजकोषात बाराव्या शतकापासून जमाखर्च काठ्यांवर कोरत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी फोडायची आणि एकेक फाक दोन्ही पक्षांनी ठेवायची. लबाडी करणार कशी? नवी खाच एका फाकेवर वाढवली तर दुसरीवर ती नसते, आणि दुसऱ्या लाकडाची फाक आणली तर शिरा जुळत नाहीत. कोणाही सुताराला हे वाचून हसू फुटेल, इतके सोपे आणि पक्के. ऑक्टोबर १८३४ मध्ये या काठ्या रद्दी म्हणून लॉर्ड्स सभागृहाच्या भट्ट्यांत घातल्या आणि आख्खी संसदच पेटली. त्या जपायला हव्या होत्या.

उलट अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातले झुनी हे मूळ रहिवासी लोक. ते 'आहायुदा' या जुळ्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती कोरून उघड्यावर ठेवतात. ऊन-पाऊस खात त्या मातीला मिळाव्यात, हाच त्यांचा धर्म. संग्राहकांनी त्या उचलून कपाटांत बंद केल्या. १९७८ पासून झुनींनी त्या परत मागायला सुरुवात केली. बऱ्याच मिळाल्या, आणि त्या त्यांनी पुन्हा उघड्यावरच नेऊन ठेवल्या. वाळवीचे औषध मारून त्या टिकवणाऱ्यांना हे पटणार नाही. मलाही पटायला वेळ लागला.

तेव्हा पाटीवर दोन ओळी वाढवाव्यात: ही वस्तू कोण, कशी वापरत होते आणि ती टिकावी असे त्यांना वाटत होते का. त्या रंध्यापुरते 'मालक डावखुरा' एवढे मी तिथल्या अभिप्राय वहीत लिहून आलो आहे.

आपला,
एक निवृत्त सुतार